अर्जदाराचं वय

बॉयलरच्या लॉगबुकात एका दिवसाला एक ओळ असे. तारीख, आग पेटवल्याची वेळ, वाफेचा दाब, पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी, खालचा कॉक उघडून गाळ किती वेळा सोडला ते, आणि शेवटी एक अरुंद रकाना : ‘ड्यूटीवरील इसम’. त्या रकान्यात एकच नाव मावायचं. मी जे केलं ते त्या रकान्यात केलं, म्हणून तिथूनच सांगायला घेतो.

जळगावहून नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाची सरकी काढून गाठी बांधणारं एक जिनिंग-प्रेसिंग होतं. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झालो होतो, तेही दुसऱ्या खेपेला. असोद्यात आमच्या भाऊबंदांत मॅट्रिक झालेला मी पहिलाच, त्यामुळे मी इंजिनियर होणार असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. पुढे शिकणं झालं नाही. जिनमध्ये बॉयलरवर मदतनीस म्हणून लागलो, तर गावात सांगताना वडील ‘इंजिन खात्यात आहे’ एवढंच सांगत आणि विषय बदलत. मीही तेच सांगे.

बॉयलर सांभाळायचे ते नाना. मूळचे धुळ्याकडचे, पांझरेकाठच्या एका खेड्यातले. सगळं जिन त्यांना नाना म्हणे, मुनीमजीसुद्धा. अंगाने सडसडीत, पण खांदे असे की कोळशाची पाटी उचलताना बघणाऱ्याला ती रिकामी वाटावी. मिशा काळ्याभोर. त्या काजळाने काळ्या केलेल्या असत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून चेष्टाही होई. प्रेसवरचा कुणी म्हणे, “नाना, आज डावी बाजू कमी लागली.” नाना म्हणत, “तुनी बायकोनी पुसी टाकी व्हई.” मग हशा. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं. बॉयलर मात्र त्यांना असा कळे की मी पुढे पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली, पण तसं कळणारा एकही पाहिला नाही. लांबून, पाठमोरं बसून, विडी ओढता ओढता ते म्हणत, “पानी खाले गयं, दख.” मी काचेपाशी जाऊन बघे, तर पाणी बोटभर खाली आलेलं असे.

“नाना, तुम्हाला न बघता कसं कळलं?”

“वाफ वाचता येस नही, भाऊ. ऐकनी पडस.”

मी रुजू झालो तेव्हा शेवटच्या रकान्यात नानांचा अंगठा असे. पण त्यांच्या अंगठ्याला कायम तेल आणि कोळसा. शाईचा ठसा बाजूला राही आणि काळा डाग वरच्या-खालच्या ओळींवर पसरे. त्या वर्षी सीझनआधीच्या तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी पान उलटताना रुमालाला बोटं पुसली आणि मुनीमजींना म्हणाले, “हे रजिस्टर आहे की चुलीमागची भिंत?” साहेब गेल्यावर मुनीमजींनी मला बोलावलं. “तू लिखापढीवाला आदमी आहेस ना? मग उद्यापासून सही तूच करत जा. साफ पान पाहिजे.”

मी नानांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. ते हसले. “तूच मार सही. मना अंगठा काय सोनाना शे?”

असं ते सुरू झालं. आग नाना पेटवायचे, पाणी नाना बघायचे, गाळ नाना सोडायचे, आणि दिवस संपता संपता मी हात धुऊन, टेबल पुसून, टाक बुडवून माझी सही करायचो. वळणदार सही होती माझी. ओळीखाली एक रेघही मारत असे.

दुसऱ्या सीझनला मला हिवताप झाला. तीन आठवडे मी असोद्याला घरीच पडून होतो. परत आलो तर लॉगबुकात दाब, पाणी, वेळा सगळं टाइमकीपरने नानांना विचारून भरून ठेवलेलं, आणि शेवटचा रकाना कोरा. माझ्यासाठी ठेवलेला. मी एका दमात त्या सगळ्या दिवसांवर सह्या केल्या. त्यात आपण खोटं काही करतोय असं तेव्हा मनातही आलं नाही. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाही. तेव्हा खरंच आलं नाही. पुढे आलं, आणि येऊनही मी थांबलो नाही, एवढाच फरक.

बॉयलर चालवायला परवानाधारक माणूस लागतो. आमच्याकडे तो परवाना इंजिनवरच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या नावावर होता आणि काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलेला असे. ते गृहस्थ तिसऱ्या सीझनच्या शेवटी नोकरी सोडून चाळीसगावला मुलाकडे गेले. चौकट रिकामी झाली. पुढचा सीझन दिवाळीनंतर सुरू होणार, त्याआधी परीक्षा पास झालेला माणूस दाखवा, नाहीतर आग पेटवू नका, असं सरकारचं पत्र आलं. मुनीमजींनी आम्हा दोघांना बोलावलं.

“परीक्षा धुळ्याला आहे. तोंडी असते. लिहावं लागत नाही, नाना, घाबरू नको. दोघं बसा. जो पास होईल त्याचं नाव भिंतीवर. दोघं झालात तर...” मुनीमजी थांबले, नानांकडे बघितलं. “तर नाना पुराना आदमी आहे. पहिला हक्क त्याचा.”

हे ते माझ्यासमोर बोलले. बोलले ते योग्यच होतं. मी मान हलवली.

पावसाळ्यात जिन बंद असतं. यंत्रं तेल लावून, तरट पांघरून ठेवलेली. त्या दिवसांत बॉयलर थंड करून आतून साफ करायचा असतो आणि तेच दिवस आमच्या अभ्यासाचे. वरच्या माणूस-भोकातून नाना आधी उतरत, मग कंदील, मग मी. आत वाकून बसावं लागे. नाना हातोडीच्या टोकाने पत्र्यावर साचलेला पांढरा क्षार खरवडत आणि मला शिकवत. या थराच्या मागे पत्रा तापून लाल होतो. हा शिशाचा प्लग. पाणी फार खाली गेलं की हा वितळतो, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझते, बॉयलर वाचतो. “आणि माणूस?” मी विचारलं. “मानूस पुढे उभा राहे त नही वाचस,” नाना म्हणाले आणि खरवडत राहिले.

मी त्यांना बदल्यात भागांची नावं शिकवायचो, इंग्रजीतली, कारण साहेब ती नावं घेऊन विचारतात असं ऐकलं होतं. ‘सेफ्टी व्हॉल्व’ ते ‘शेपटी वाल’ म्हणत आणि मुद्दाम म्हणत, मी चिडतो म्हणून. मी साहेब होऊन प्रश्न विचारायचो.

“काचेत पाणी दिसेनासं झालं, तर पहिलं काय करशील?”

“पह्यले त्या मानूसले कानफटमा दिसू, जो काच सोडीसन बिडी वढत व्हता.”

“नाना, साहेबासमोर असं बोलाल का?”

“नही रे. साहेबले सांगसू, पानी घालाव नही. तापेल पत्राले थंड पानी लागनं त बठ्ठं उडी जाई. आगवर वली राख टाकसू, दार बंद करसू, आनि देवनं नाव लिसू. हाऊ जबाब बरोबर ना?”

“देवाचं सोडून बाकी बरोबर.”

“देव सोडीसन कसं जमी?”

दोन महिने असे गेले. त्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली : नाना बसले की पास होणार. साहेबाने काहीही विचारलं तरी. मी पास होईनच असं मात्र मला वाटत नव्हतं, आणि झालो तरी भिंतीवर नाव नानांचंच लागणार होतं.

अर्जाबरोबर कारखान्याचा नोकरीचा दाखला जोडायचा होता. अमुक काळ या माणसाने प्रत्यक्ष बॉयलर सांभाळला असा. नुसती मदतनीस म्हणून केलेली नोकरी धरत नसत. मुनीमजींचं सगळं लिहिणं मारवाडी वहीतलं. सरकारी कागद ते मलाच लिहायला लावत आणि खाली सही करत. त्यांनी सांगितलं, “शेवटच्या तीन सीझनचा उतारा काढ. लॉगबुकात जे असेल तेच लिही. पुढे काही झालं तर मी कागद दाखवणार, तोंड नाही.”

मी उतारा काढला. तीन सीझन, सगळ्या ओळी, सगळ्या सह्या माझ्या.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, एका माणसाखेरीज. त्या तीन वह्यांच्या खाली कपाटात जुन्या वह्या होत्या. सहा की सात. पानोपानी नानांचा अंगठा, तेलाचा, कोळशाचा, पण अंगठा. त्या काढून मुनीमजींसमोर ठेवल्या असत्या तर नानांचा दाखला दोन मिनिटांत झाला असता. काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या काढल्या नाहीत. कपाटाचं दार लावलं आणि दोन दाखले लिहिले. माझ्यात लिहिलं : तीन सीझन बॉयलरवर प्रत्यक्ष ड्यूटी. नानांच्यात लिहिलं : बॉयलर खात्यात कोळसा टाकण्याच्या कामावर. मुनीमजींनी दोन्ही कागदांवर न वाचता सही केली, शिक्का मारला. वाचलं असतं तर विचारलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो; त्यात थोडा दोष त्यांच्याकडे जातो म्हणून.

मला काही फार गरज होती असं नाही. घरी शेती होती, केळी होती, दोन वेळचं होतं. मला ‘इंजिन खात्यात आहे’ असं म्हणून विषय बदलावा लागू नये, एवढंच हवं होतं.

नानांचा अर्जही मीच भरला. नाव, गाव. वयाच्या रकान्यापाशी थांबलो.

“नाना, वय?”

“तुले किती दिसस?”

“मला काय दिसायचंय? खरं सांगा.”

“खरं कोनले माहीत? मनी माय म्हने, पटकीनी साथ उनी व्हती ना, त्याना मागला वरीसना तू. आते साथा त कितीक उन्यात आनि गयात. तूच लिख. मिशा दखीसन लिख.”

मी त्यांच्याकडे बघून सेहेचाळीस लिहिलं. त्यात काही लबाडी नव्हती. त्या अर्जात मी प्रामाणिकपणे लिहिलेला आकडा तेवढा एकच.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे. नानांनी धुतलेलं धोतर, नवी टोपी घातली होती. मिशा दोन्ही बाजूंनी नीट रंगवलेल्या. सगळ्या वाटेने ते पुटपुटत होते, ‘सेफ्टी व्हॉल्व, सेफ्टी व्हॉल्व’, आता चेष्टा न करता. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पुडीतली शेव मला दिली, स्वतः खाल्ली नाही.

मला ठाऊक होतं पुढे काय होणार आहे. मी ती शेव खाल्ली.

परीक्षा एका कारखान्याच्या बॉयलरघरात होती. बाहेर लिंबाच्या झाडाखाली वीसेक उमेदवार बसलेले, बहुतेक नानांसारखेच, काळवंडलेल्या बोटांचे. दारात टेबल टाकून कारकून कागद तपासत होता. माझे कागद त्याने बघितले, आत जा म्हणाला. नानांचे बघितले, परत बघितले. मग एक छापील चिठ्ठी घेतली, तिच्यावर एका ओळीत इंग्रजीत काही लिहिलं, अर्जाला टाचणी लावली आणि अर्ज नानांच्या हातात परत दिला. तोंडाने काही बोलला नाही. मागची माणसं खोळंबली होती.

नाना अर्ज घेऊन माझ्याकडे आले. चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

“काय लिखेल शे?”

लिहिलं होतं : बॉयलर सांभाळल्याची नोकरी सिद्ध होत नाही. एवढंच. मी ती ओळ वाचली आणि मनात पुढचं सगळं दिसलं. हे खरं वाचून दाखवलं तर नाना म्हणणार, असं कसं, मी तर अठरा वर्षं... आणि टेबलापाशी जाणार. कारकून दाखला वाचून दाखवणार. नाना विचारणार, हे लिहिलं कोणी. वीस माणसं ऐकणार.

“नाना,” मी म्हणालो, “वय बसत नाही म्हणतात.”

“वय?”

“हो. जास्त आहे म्हणतात. या परीक्षेला इतक्या वयाचा माणूस घेत नाहीत.”

ते चिठ्ठीकडे बघत राहिले, जणू आता त्यांना ती वाचता येणार होती. मग म्हणाले, “तू किती लिखेल व्हतं?”

“सेहेचाळीस.”

“चाळीस लिखाले काय व्हयनं व्हतं तुले, भो?”

माझं तोंड बघून त्यांना वाटलं असावं की मी माझ्या चुकीने खचलोय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे. तुनी काय चूक? मालेच मनं वय माहीत नही.” मग मला दाराकडे ढकललं. “तू जा. काच दख. काच सोडीसन कोठे नजर फिरावू नको.”

म्हणजे मी न केलेल्या चुकीची त्यांनी मला माफी दिली, आणि मी ती घेऊन आत गेलो.

आत इन्स्पेक्टरसाहेबांनी मला सगळं विचारलं. पाणी दिसेनासं झालं तर काय करशील, हेही. मी नानांचा जबाब दिला, देव सोडून. मग त्यांनी दाखल्याला जोडलेला उतारा चाळला. “तीन सीझन आणि एकही खाडा नाही? कधी आजारी पडला नाहीस?”

“नाही, साहेब.”

“मजबूत आहेस,” ते म्हणाले आणि कागदावर खूण केली.

संध्याकाळी परतताना पारोळ्याच्या पुढे नाना एकदाच बोलले. समोरच्या बाकावर एक पांढऱ्या दाढीचा माणूस डुलक्या घेत होता. त्याच्याकडे बघून म्हणाले, “हाऊ मनापेक्षा किती मोठा व्हई?” मी म्हणालो, “पुष्कळ, नाना, पुष्कळ.” ते म्हणाले, “तसं काही नही. पाच-सात.”

दिवाळीच्या आधी माझा परवाना आला. मुनीमजींनी चौकट पुसून घेतली, माझा कागद तिच्यात बसवला, नारळ फोडला. पेढे मी वाटले. नानांनी पेढा घेतला, डोक्याला लावला, खाल्ला. असोद्यात वडिलांनी शेजारपाजारच्यांना घरी बोलावलं. त्या दिवशी त्यांनी विषय बदलला नाही.

नानांच्या बाबतीत पुढे जे झालं ते हळूहळू झालं. आधी मिशा गेल्या. म्हणजे कापल्या नाहीत. काजळ लावणं सोडलं, आणि पंधरा दिवसांत खालून पांढरं वर आलं. मी विचारलं तर म्हणाले, “कोनले फसाडू? सरकारनी लिखी दिधं.” मग कोळशाची पाटी उचलायला ते शेजारच्याला हाक मारू लागले. ती पाटी त्यांना जड झाली नव्हती. मी बघत होतो ना, जड नव्हती. पण आता ती जड असायला हवी असं त्यांनी धरलं होतं. जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवू लागले. प्रेसवरचे लोक त्यांना ‘सरकारमान्य म्हातारा’ म्हणत, आणि नाना स्वतःच पुढे होऊन ती चेष्टा करत. पूर्वी चेष्टेला ते उलट टोला द्यायचे, तो गेला.

पाणी खाली गेलं की ते अजूनही मला सांगत, पण वेगळ्या तऱ्हेने. आधी हुकूम होता, आता विचारणं झालं. “साहेब, जराखं पानी दखी ल्यास का?” साहेब म्हणजे मी. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं टोमणा आहे, सगळं कळलंय यांना. मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला. सापडता तर बरं झालं असतं.

पुढच्या सीझनला ते आलेच नाहीत. धुळ्याकडच्या गावी, मुलीकडे गेले म्हणून कळलं. आता आपल्याच्याने होत नाही, असा निरोप ठेवून.

मी पुढे वरच्या वर्गाची परीक्षा दिली, तीही पास झालो, मोठ्या कारखान्यात गेलो. प्रत्येक अर्जात नोकरीचा पहिला दाखला म्हणून तोच कागद जोडावा लागे. मधे दोन-तीनदा धुळ्याला कामासाठी गेलो, पण त्या गावची मोटर धरली नाही. लग्न झालं, बायकोलाही बोललो नाही. ती म्हणायची, तुम्ही झोपेत ‘नाना, नाना’ म्हणता, कोण हे नाना? मी सांगितलं, माझे गुरू. हे खोटं नव्हतं, म्हणून अधिक बोचलं.

त्या परीक्षेला सात वर्षं होत आली तेव्हा, नाना छातीच्या दुखण्याने आजारी आहेत असं जिनमधल्या एकाने भेटल्यावर सांगितलं. त्या रविवारी मी गेलो. गावाबाहेर फाट्यावर मोटरने सोडलं, तिथून अर्धा कोस पायी. घर मातीचं, सारवलेलं. नाना ओसरीत खाटेवर बसले होते. खूप वाळले होते, तरी मला बघून चेहरा उजळला. “अक्का, दख कोन उनं! मना साहेब उना,” त्यांनी मुलीला हाक मारली. मुलीला सगळं गाव अक्का म्हणे. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिने पाणी आणलं, चुलीवर चहा ठेवला.

मी चहा होईपर्यंतही थांबलो नाही. थांबलो असतो तर परत आलो असतो तसाच. खाटेच्या पायाशी बसून सांगून टाकलं. चिठ्ठीत काय होतं ते. दाखला कोणी लिहिला ते. कपाटातल्या जुन्या वह्या. वयाबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं, ते मी उभ्या-उभ्या रचलं, हेही.

नाना ऐकत होते. मधे एकदा खोकला आला, तो त्यांनी दाबला. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“मंग मनं वय बसत व्हतं?”

“हो, नाना. बसत होतं.”

त्यांनी आपले हात पुढे धरून बघितले, पालथे, उताणे. राग मला दिसला नाही. मी राग घ्यायलाच गेलो होतो, तो मिळाला नाही.

राग अक्काला आला. ती दारात कप घेऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती मोठ्याने बोलली नाही. “भाऊ, आते कसाले सांगं हाई? सात वरीस व्हयनात, त्यास्नी मानी लिधं व्हतं. म्हातारा शे म्हनीसन बसनात. आते त्यास्नी काय करानं?”

मला वाटलं होतं की मी त्यांचं काही परत द्यायला चाललोय. मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेलो आहे, चांगला हिंडतो-फिरतो, जिने चढतो. तेव्हा अक्का काय म्हणाली ते पुरतं कळलं. त्यांची सात वर्षं मी दोनदा घेतली. एकदा घेताना, आणि एकदा ती होती असं सांगताना.

मी उठलो. मोटरची वेळ झाली म्हणालो. चहा तसाच राहिला.

“चाल,” नाना म्हणाले, “तुले मोटरपावत सोडी देस.”

अक्का म्हणाली, “आबा, बसा, ताप शे तुम्हले.” त्यांनी ऐकलं नाही. खाटेवरून उठले, टोपी घातली, काठी कोपऱ्यात होती ती घेतली नाही. आणि चालू लागले. माझ्यापुढे. अर्धा कोस रस्ता, दोन्ही बाजूंनी कपाशी, ऊन. ते भराभरा चालत होते, मला मागे टाकत, खांदे ताठ करून, जसे पूर्वी पाटी घेऊन चालायचे. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, तो मला मागून ऐकू येत होता. पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. एकदा पाय लटपटला, सावरून पुन्हा तसेच.

त्यांना थांबा म्हणायचं होतं. नाना, हळू, जरा बसा, म्हणायचं होतं. पण तसं म्हणायला माझ्याकडे एकच कारण होतं, आणि ते मी एकदा वापरून बसलो होतो. मी त्यांच्यामागे चालत राहिलो.

फाट्यावर बसायला दगड होता. ते बसले नाहीत. मोटर यायला अर्धा तास लागला, तेवढा वेळ ते उभे राहिले. मी उभा राहिलो. मोटर आली, मी चढलो, खिडकीशी बसलो. ड्रायव्हर पलीकडच्या टपरीवर चहा प्यायला उतरला म्हणून गाडी आणखी थोडा वेळ थांबली.

नाना तिथेच उभे होते, गाडी सुटेपर्यंत, हात कशालाही न टेकवता.